दादानं दिलेली गाडी

१

गाडी जागेवर नाही, हे छोटीला आधी दिसलं. रेफरीकाका पडलेले दिसले ते त्यानंतर.

ती आत गेली होती ती फक्त खुर्ची आणायला. काकांना फाटकाच्या गजाला धरून उभं केलं होतं आणि बजावून सांगितलं होतं, "हलायचं नाही हं. मी आलेच." काका म्हणाले होते, "जास्त दादागिरी केलीस तर पिवळं कार्ड दाखवीन." आयुष्यभर फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकलेला माणूस. अर्धांगवायूनं उजवी बाजू लुळी पडली तरी थट्टा तेवढी शाबूत राहिली होती. छोटी फिजिओथेरपिस्ट. घरोघर जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घ्यायची. काकांना अंथरुणातून उठवून बसवणं, बसल्याचं उभं करणं, उभ्याचं चालतं करणं, हे सगळं तिनंच केलं होतं. काठीशिवाय अंगणात यायची त्यांची ही पहिलीच सकाळ होती.

आता ते फाटकाबाहेर उताणे पडले होते. डोकं दगडी पायरीच्या कडेवर आपटलं होतं. आणि फाटकासमोर चढाकडे तोंड करून उभी केलेली छोटीची गाडी उलटी घरंगळत खाली गेली होती. ती वळणावरच्या विजेच्या खांबाला मागून टेकून उभी होती, जणू कुणी तिथंच लावून ठेवली असावी.

"काकू!" छोटी ओरडली. काकू ओल्या हातांनीच धावत आल्या.

गल्लीतली माणसं जमली. रुग्णवाहिका आली, पण ती वर चढेना. वळणावर गाडी आडवी होती ना! शेवटी चौघाजणांनी गाडी ढकलून समोरच्या टेलरबाईंच्या अंगणात घातली, तेव्हा वाट मोकळी झाली. छोटी काकांचं डोकं मांडीवर धरून रुग्णवाहिकेतून गेली.

संध्याकाळ व्हायच्या आत काका गेले.

दवाखान्याच्या बाकावर काकू कोरडे झालेले हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत बसल्या होत्या. मग छोटीकडे न बघताच म्हणाल्या, "तुम्ही ब्रेक लावला नव्हता."

"लावला होता, काकू. हँडब्रेकचं बटण ओढलं होतं. मला अगदी नक्की आठवतंय."

"मग गाडी गेली कशी?"

पोलिसांनी तिच्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली. खिशातून किल्ली काढताना तिच्या मनात पहिल्यांदाच आलं, खरंच ओढलं होतं ना मी बटण?

२

विमा कंपनीत तिला सगळे टाचणी म्हणत. अंगानं किडकिडीत, आवाज बारीक, आणि एकदा टोचली की सहजासहजी निघायची नाही. अपघाताच्या गाड्या तपासायचं काम ती इतकी वर्षं करत होती की धडकलेली गाडी बघून आतल्या माणसाचा स्वभाव सांगते, असं ऑफिसातली मंडळी म्हणायची. ती स्वतः म्हणायची, "गाडी खोटं बोलत नाही, तेवढंच मला माहीत आहे."

या प्रकरणात तिला फारसं काही करायचं नव्हतं. बाईनं उतारावर गाडी लावली, हँडब्रेक ओढायला विसरली, गाडी घरंगळली, म्हातारा माणूस आधार सुटून पडला. पोलिसांचं तेच म्हणणं होतं. टाचणीनं गाडी उचलून कंपनीच्या आवारात न्यायची, वरवर बघायची आणि अभिप्राय द्यायचा.

ती गल्लीत आली तेव्हा गाडी टेलरबाईंच्या अंगणातच होती, करड्या कापडाच्या आवरणाखाली नीट झाकलेली.

"हे कुणी घातलं?"

टेलरबाई खिडकीत मशीन चालवत होत्या. पाय थांबवून म्हणाल्या, "तिचा भाऊ आला होता ना, दुसऱ्या दिवशी दुपारी. बहिणीची गाडी उन्हात नको म्हणे. केवढा जीव आहे बघा. घामानं निथळत होता बिचारा. खाली शिरून शिरून नाड्या बांधत होता."

"अपघात तुम्ही पाहिला?"

टेलरबाईंनी हातातलं कापड खाली ठेवलं. "पाहिला. काका फाटक सोडून आपले आपण चालत आले. दोन-चार पावलंच, पण आले. गाडीच्या बॉनेटवर हात टेकला आणि माझ्याकडे बघून असे हसले, की बघा, जमलं! आणि हात टेकला तशी गाडी मागं सरकली. ते तोल जाऊन पुढं आले, मग वळले आणि..." त्यांनी दगडी पायरीकडे बोट दाखवलं. "तिथं फाटकापुढं जागा तशी सपाटच आहे हो. नुसता रेटा बसला आणि निघाली. एरवी ती मुलगी गाडी खालीच लावायची, सपाटीवर. त्या दिवशी तिथं विटांचा ट्रक उभा होता."

एवढ्यात गाडी उचलायला आलेल्या माणसानं आवरण काढलं, पुढून साखळी लावली आणि यंत्र सुरू केलं. साखळी ताणली. गाडी जागची हलेना. त्यानं आणखी जोर लावला, तेव्हा मागची दोन्ही चाकं न फिरता फरशीवरून खरडत आली आणि मागं काळे पट्टे उमटले.

"बाई, हँडब्रेक गच्च लागलाय. किल्ली आहे ना? सोडा तो."

टाचणीनं पोलिसांकडून आणलेल्या किल्लीनं दार उघडलं, गाडी चालू केली, पाय ब्रेकवर ठेवून बटण दाबलं. मागून कुरकुर आवाज झाला. पण चाकं सुटली नाहीत. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

मागं टेलरबाई अंगणात येऊन उभ्या होत्या. आश्चर्यानं त्यांचा हात तोंडावर गेला होता. "अहो, पण ही गाडी तर त्या दिवशी आपल्या चौघांनी हातानं ढकलली! दारं बंद, किल्ली त्या मुलीच्या खिशात. हातगाडीसारखी आली. मीसुद्धा एक हात लावला होता."

टाचणी स्टिअरिंगसमोर तशीच बसून राहिली. जो ब्रेक न लागल्यामुळे गाडी घरंगळली, तो ब्रेक माणूस मेल्यावर लागला होता. लावला कुणी?

३

छोटी दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. संसार मोडून परत आल्याला बरीच वर्षं झाली होती. चाळिशी ओलांडली तरी माहेरी ती छोटीच होती. बाहेरच्या खोलीत व्यायामाचे रबरी पट्टे, मोठे चेंडू, एक उंच पलंग. घरात सगळं जागच्या जागी होतं, फक्त तिचं स्वतःचं कुठं लक्ष नव्हतं. पेशंटचे फोन वाजत होते आणि ती उचलत नव्हती.

"मी फिजिओथेरपीचा परवाना परत करणार आहे," ती टाचणीला म्हणाली. "ज्या माणसाला चालायला शिकवलं, त्यालाच..."

"रडायचं असेल तर रडून घ्या. मला घाई नाही. पण मग नीट आठवून सांगा. गाडी थांबवल्यावर काय काय केलंत?"

"गिअर काढला. बटण ओढलं. किल्ली काढली. दार बंद केलं."

"गिअरमध्ये का नाही ठेवली?"

"दादानं सांगितलं होतं ना. म्हणाला, आता जुन्या गाडीसारखं गिअरबिअर काही लागत नाही, हे बटण ओढलं की हत्तीनं ढकलली तरी हलायची नाही." दादाचं नाव निघाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा जीव आला. "गाडी त्याचीच. त्यानं नवी घेतली आणि ही मला दिली. बसनं धक्के खात पेशंटकडे जायचे मी. आई कधीची त्याला सांगत होती, बहिणीसाठी काहीतरी कर. त्यानं एकदम गाडीच दिली. सगळ्या नातेवाइकांना बोलावून किल्ली हातात दिली. मला तर काय बोलावं ते कळेना."

"बटण ओढलं की समोर काही दिवा लागायचा? काही अक्षरं यायची?"

"कधी लक्ष नाही गेलं. लागत नसावा. तिथं दादाच्या नंबरचा स्टिकर आहे, बघितला असेल तुम्ही. त्यानंच चिकटवून दिला. म्हणाला, रस्त्यात काहीही झालं तरी पहिला फोन मला करायचा."

टाचणीनं मान हलवली. खोलीत तिची नजर फिरत होती. पलंगाखाली निळी बॅग होती, तोंडातून रबरी पट्टे डोकावत होते.

"ही बॅग तुम्ही रोज बरोबर नेता?"

"हो. त्या दिवशी गाडीतच राहिली होती, मागच्या सीटवर. दादानं आणून दिली. आवरण घालायला गेला तेव्हा."

टाचणीनं बॅगेवरून नजर उचलली. "किल्ली तर तेव्हा पोलिसांकडे होती. मग त्यानं गाडी उघडली कशानं?"

छोटीनं तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिच्या मनातच आला नव्हता. भावाच्या बाबतीत असे प्रश्न मनात येत नाहीत.

"दुसरी किल्ली आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडून हरवायला नको म्हणून मी ती आईकडे ठेवायला दिली होती."

४

दादाचं नळ आणि फिटिंगचं दुकान होतं. भिंतभर चकचकीत नळ लावलेले, एकाही नळाला पाणी नाही. दादा हसतमुख, पोट सुटलेला, बोलायला मोकळा. टाचणीला त्यानं पंख्याखाली बसवलं.

"गाडी एकदम ठणठणीत होती हो. बहिणीला कुणी मोडकी गाडी देईल का? तुम्हीच सांगा. वाईट वाटतं, पण खरं ते बोललं पाहिजे. छोटी लहानपणापासून धांदरट. शाळेत डबा विसरायची, पुढं संसारात... असो. तिच्या हातून चूक झाली, आता आपण तिला सांभाळून घ्यायचं. वकील मी देणार आहे."

"हँडब्रेकची कधी तक्रार?"

"छे!"

"तुमच्या नंबरचा स्टिकर बघितला. छान कल्पना आहे."

दादा खुलला. "मीच लावला, किल्ली तिच्या हातात द्यायच्या आधी. बहीण आहे शेवटी. एकटी फिरते."

"आणि अपघातानंतर गाडी उघडली होती का तुम्ही?"

"नाही बुवा. नुसतं आवरण घातलं. बॅग बाहेर ओट्यावर होती, ती उचलली."

टाचणीनं आभार मानले आणि निघाली. गाडीच्या मागच्या काचेवर एका गॅरेजचं नाव होतं. ती तिथं गेली. गॅरेजवाला जुन्या टायरवर बसून चहा पीत होता. गाडीचा फोटो बघून त्यानं खांदे उडवले. "रोज इतक्या गाड्या येतात. कुठली कुठली लक्षात ठेवू?"

"बरं. मग बटण ओढलं की ब्रेक आवळतात त्या मागच्या चाकांवरच्या छोट्या मोटारी मी खोलायला पाठवते. त्यांच्या वायरच्या प्लगला कुणाकुणाचे हात लागलेत ते आज ना उद्या निघेलच. फक्त तेव्हा तुम्ही म्हणू नका की आधी विचारलं नाही. माणूस गेलाय."

गॅरेजवाल्यानं ग्लास खाली ठेवला. "माणूस? कोण, ते नळवाले?"

"ते मजेत आहेत. गाडी त्यांनी बहिणीला दिली होती."

"बहिणीला!" तो उठूनच उभा राहिला. "अहो बाई, त्या गाडीचा हँडब्रेक लागला की सुटायचा नाही. एकदा भर बाजारात गच्च बसला, ओढत आणावी लागली. नवीन मोटारी टाका म्हटलं, तर नको म्हणाले, विकायचीच आहे. मग मी चाकांमागचे दोन्ही प्लग काढून ठेवले आणि ब्रेक हातानं मोकळा केला. आता बटण ओढा नाहीतर नका ओढू, काही होणार नाही. मी बजावलं होतं, गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा. स्टिअरिंगवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा म्हटलं. तर हसले. म्हणाले, चालवणारा मीच आहे. वर प्लग कुठं आहेत ते विचारून घेतलं, गिऱ्हाईक आलं की जोडून देईन म्हणाले."

"दाखवलेत?"

"दाखवले. खाली झोपलं की हात पोचतो." तो पुन्हा टायरवर बसला. चहाकडे त्याचं लक्ष गेलं नाही. "मला काय माहीत, गिऱ्हाईक म्हणजे सख्खी बहीण."

५

आईच्या घरी टाचणी गेली ती छोटीला बरोबर घेऊनच. दिवाणखान्यात दादा आणि आई बसले होते. समोर नातवंडांचे फोटो. छोटी नेहमीसारखी आईच्या शेजारी जाऊन बसली. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आजी, गाडीची दुसरी किल्ली तुमच्याकडे होती?" टाचणीनं विचारलं.

आईनं दादाकडे बघितलं. "होती. यानं मागितली. बॅग काढायची म्हणाला."

"तुम्ही मला सांगितलंत, गाडी उघडलीच नाही," टाचणी दादाला म्हणाली. "ठीक आहे. मग मीच सांगते काय झालं ते. अपघाताच्या दिवशी गाडीची चाकं मोकळी होती. चौघांनी ढकलली. मी गेले तेव्हा चाकं गच्च होती. मधल्या काळात गाडीत शिरलेला माणूस एकच, तुम्ही. आता ज्याला बहिणीचा विसरभोळेपणा सिद्ध व्हायला हवा, तो ब्रेक लावून कशाला ठेवील? याचाच मला उलगडा होत नव्हता. गॅरेजवाल्यानं केला. तुम्हाला ब्रेक लावायचा नव्हताच. तुम्ही आवरणाच्या नाड्या बांधायच्या निमित्तानं खाली शिरून काढलेले प्लग जोडलेत, म्हणजे तपासणीत ब्रेक धडधाकट दिसावा. मग जोडलं ते चालतंय का हे बघायला आत बसून बटण ओढलंत. ब्रेक लागला. आणि सुटेना. सुटत नव्हता म्हणूनच तर तो बंद केला होता! मग तसंच आवरण घातलंत आणि आलात निघून."

छोटी आधी हसली, काहीतरी चुकीचं ऐकू आल्यावर माणूस हसतो तशी. मग तिनं दादाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"दादा? ब्रेक बंद होता?"

दादानं रुमालानं मान पुसली. पण तो गडबडला नाही. "होता. गॅरेजवाला खरं सांगतोय. प्लग मी जोडले तेही खरं. घाबरलो होतो मी, चूक झाली. पण छोटे, मी तुला सांगितलं होतं. गाडी दिली त्याच दिवशी. हँडब्रेक बंद आहे, गिअरमध्ये ठेवत जा. तू विसरलीस, यात मी काय करू?"

"मला? मला कधी सांगितलंस?"

"आईसमोर सांगितलं. विचार तिला."

छोटी आईकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर अजून भीती नव्हती. आई आता म्हणेल, काय बोलतोस रे हे, अशा खात्रीनं ती बघत होती.

आई जमिनीकडे बघत होती. "सांगितलं होतं त्यानं," ती म्हणाली. "माझ्यादेखत. तुझ्या लक्षात नसेल, बाळा."

६

छोटीनं कपाळ दाबून धरलं. "माझ्या लक्षात नसेल," ती पुटपुटली. "असेलही. सांगितलं असेल. मी खरंच काही काही विसरते..."

टाचणीला राग क्वचितच यायचा. आत्ता आला. ही बाई आईवर अविश्वास दाखवण्यापेक्षा स्वतःला खुनी मानायला तयार झाली होती.

"आजी," ती शांतपणे म्हणाली, "नेमकं काय सांगितलं होतं त्यांनी? आठवतंय तेवढं सांगा."

आईनं जरा विचार केला आणि मग पाठ केल्यासारखं भराभर बोलली. "म्हणाला, बटणाचा ब्रेक बंद केलाय. गाडी गिअरमध्ये टाकून ठेवायची, चाकाला दगड लावायचा. आणि समोर पिवळा दिवा सारखा लागलेला दिसेल, घाबरायचं नाही. तो दिवा दिसला की ब्रेकची आठवण ठेवायची."

"पिवळा दिवा. तुम्हाला गाडी चालवता येते?"

"मला? नाही."

"मग हा दिवा तुम्हाला यांनीच सांगितला. कधी, तेवढाच प्रश्न आहे." टाचणीनं मोबाइल काढून टेबलावर ठेवला. "हा आवारात काढलेला फोटो. स्टिअरिंगसमोरच्या मीटरच्या काचेवर यांच्या नंबरचा स्टिकर. आणि हा दुसरा, पोलिसांसमक्ष स्टिकर काढल्यावरचा."

दुसऱ्या फोटोत, स्टिकर होता बरोबर त्या जागी, एक पिवळा दिवा ठसठशीत पेटलेला होता.

"ब्रेकमध्ये बिघाड असेपर्यंत हा दिवा विझत नाही. मीटरची बाकी सगळी काच मोकळी आहे. स्टिकर लावला तो नेमका दिव्यावर. आणि लावला कधी, तर किल्ली हातात द्यायच्या आधी. हे मला यांनीच दुकानात अभिमानानं सांगितलं. आता मला सांगा, जो माणूस बहिणीला म्हणतो दिवा दिसला की आठवण ठेव, तो आधीच दिवा झाकून कशाला ठेवील? आणि बहिणीला भावाचा फोन नंबर पाठ नसतो का?"

"पाठ आहे," छोटी म्हणाली. कुणी विचारलं म्हणून नाही, आपोआप. "मला तो कायमच पाठ आहे."

दादा उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. "मुद्दाम नाही केलं मी," तो बाहेर बघत म्हणाला. "कुणाचा जीव जावा असं का कुणाला वाटेल? दिवा दिसला असता तर तिनं प्रश्न विचारले असते. सगळ्यांसमोर दिलेली गाडी, मोडकी निघाली असती तर माझी काय शोभा राहिली असती? मला वाटलं, सपाट रस्त्यानं तर फिरते. सवडीनं करून देऊ दुरुस्त."

"आणि मी तुरुंगात गेले असते तर? तेही सवडीनं बघणार होतास?"

छोटी आईकडे वळली. "तुला केव्हा कळलं?"

आईनं पदर सारखा केला. "किल्ली परत द्यायला आला तेव्हा. माझ्या पायाशी बसून रडला गं."

"म्हणजे मी रोज फोन करून तुला विचारत होते, आई, मी खरंच बटण ओढलं नसेल का, तेव्हा तुला माहीत होतं."

"त्याला दोन पोरं आहेत," आई एकदम जोरात म्हणाली. "दुकान आहे. चार लोकांत नाव आहे. त्याला काही झालं तर सगळं घर उघड्यावर येईल. तुझं काय, तू एकटी. तुझ्यामागं कोण आहे? तू सोसलं असतंस. तू सगळं सोसतेस."

छोटी उठली. तिनं पर्स उचलली, चपला घातल्या आणि दार उघडून बाहेर गेली. जिना उतरताना एकदा थांबून तिनं कठडा धरला. मागून येणाऱ्या टाचणीनं हात पुढं केला, पण छोटीनं तो धरला नाही.

"तुम्ही नसतं शोधलं तर बरं झालं असतं का, याचा विचार करतेय," ती म्हणाली.

"मग? काय ठरलं?"

"ठरलं नाही अजून. पण काकूंना हे मला सांगायचंय. पोलिसांच्या आधी. मला सोडाल तिथं?"

काकूंनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. छोटीनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते फाटक सोडून चालत आले होते का हो? टेलरबाई म्हणतात ते खरं आहे?"

"खरं आहे. आपले आपण आले."

काकू बाजूला झाल्या. "या," त्या म्हणाल्या. "किती वेळ बाहेर उभ्या राहणार?"

दादावर खटला उभा राहिला. वकील त्यानं स्वतःसाठी दिला. नातेवाइकांत दोन तट पडले आणि मोठा तट दादाकडे होता. सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारी बहीण म्हणून छोटीला कुणी लग्नकार्यात बोलावेना. पोलिसांनी तिच्यावरचा आळ काढून टाकला. पेशंट हळूहळू परत आले. ती पुन्हा बसनं फिरू लागली.

पुढं आई न्हाणीघरात घसरून पडली. मांडीच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली. व्यायाम करवून घ्यायला ज्याला नेमलं होतं त्यानं काम अर्ध्यात सोडलं, आणि दवाखान्यातून छोटीला फोन आला. पेशंटचं नाव तिनं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "येते."

दादा तेव्हा दुकानात होता. मोलकरणीनं दार उघडलं. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती, निम्मी झालेली. छोटीला बघून तिचे डोळे भरले. "आलीस?" ती म्हणाली. "मला माहीत होतं, तू येशील."

छोटीनं बॅग खाली ठेवली, हात धुतले, खुर्ची ओढून घेतली. आईच्या तळव्याखाली हात दिला आणि पाय अलगद उचलला. तिचे हात पूर्वीसारखेच हळुवार होते.

"दुखतंय?"

"थोडं," आई म्हणाली. "छोटे, ऐक ना..."

छोटीनं पाय सावकाश खाली ठेवला. कोणत्याही पेशंटशी बोलते त्याच आवाजात ती म्हणाली, "आता तुम्ही स्वतः उचला. घाई करू नका. मी धरलंय तुम्हाला."